हैक्काच्या ओढ्यातला पसारा

माझ्या भावाने रचलेल्या सरपणाचे फोटो काढायला लोक यायचे. थट्टा नाही करत. एकदा अॅस्टोरियाहून एक बाई नवऱ्याला घेऊन आली आणि त्याला त्या लाकडांपुढे उभं करून म्हणाली, "बघ, याला म्हणतात रचणं!" सगळी टोकं एका रेषेत, दोरी लावून बघा हवं तर. रेइनो हापाला म्हणजे आमच्या खोऱ्यातला सगळ्यात नीटनेटका माणूस. त्याच्या शेडमधले नटबोल्ट आवळायचे पाने भिंतीवर उंचीप्रमाणे टांगलेले असायचे आणि एखादा इंचभर जरी सरकला तरी त्याला जेवण जायचं नाही.

मी एल्मा, त्याची धाकटी बहीण. एकतीस वर्षं शाळेची बस चालवलीय, त्यामुळे मोठ्याने बोलायची सवय आहे आणि मधे कुणी तोंड घातलेलं खपत नाही. आमच्या आज्याने फिनलंडहून येताना दोनच गोष्टी आणल्या, सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, आणि हट्ट. सौना रेइनोच्या वाट्याला आली. हट्ट दोघांना सारखा.

आता मूळ गोष्ट. त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात सरकारी माणसं आली. हिरव्या टोप्या, काखेत नकाशांच्या सुरळ्या. म्हणाली, हैक्काचा ओढा तुंबलाय. तुंबला तर होताच. शेदोनशे वर्षांची झाडं पात्रात आडवी पडलेली, त्यांच्यावर दुसरी, त्यांच्यात तिसरी अडकलेली, वर लाकूडतोडीवाल्यांनी टाकलेल्या फांद्या. माशांना वर जायला वाट राहिली नाही, ओढा साफ करा, असं त्यांचं म्हणणं. रेइनो तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता आणि त्याच्याकडे बुलडोझर होता. त्याला कुणी नुसतं 'साफ कर' म्हटलं की त्याच्या अंगातच यायचं.

सतरा दिवस लागले. ओढ्याच्या पात्रातूनच बुलडोझर चालवत तो तीन मैल वर गेला. ओंडक्याला साखळी बांधायची, ओढायचा, काठावर फेकायचा, पुढे व्हायचं. काही ओंडके असे जाड की तीन माणसांनी हात धरले तरी कवेत मावत नसत. शेवटच्या दिवशी अर्धा गाव बघायला आला. मी कॉफीची मोठी किटली आणि पुल्ला घेऊन गेले होते, पुल्ला म्हणजे आमचा वेलदोडा घातलेला गोड पाव. माझा नवरा ओस्करी बियरचं खोकं खांद्यावर घेऊन आला. तो नदीच्या मुखाशी जाळं टाकून मासे धरायचा. ओढ्यात मासे वाढले म्हणजे त्याच्या जाळ्यात मासे वाढले, इतका साधा हिशेब. शेवटचा ओंडका बाहेर आला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. ओढा दिसत होता मात्र देखणा. वळणं सरळ, पाणी स्वच्छ, कुठे काडी नाही. सरकारने रेइनोला प्रशस्तिपत्र दिलं. त्याने ते काचेत बसवून बैठकीच्या खोलीत लावलं, अर्थातच अगदी सरळ.

आता ऐका. आम्ही लहान असताना नोव्हेंबरात त्या ओढ्यात रुपेरी सॅल्मन मासे इतके चढायचे की आमचा कुत्रा पाण्यात उतरायला घाबरायचा. आम्ही त्यांना रुपेऱ्या म्हणतो. समुद्रातून येताना चांदीसारख्या, ओढ्यात शिरल्या की लाल होतात, अंडी घालतात आणि तिथेच मरतात. साफसफाईनंतर दोन वर्षं आल्या तशा आल्या. मग कमी झाल्या. मग नोव्हेंबरात ओढ्यावर कुणी जाईनासं झालं, कारण बघायला काही नव्हतंच.

दोष द्यायला मात्र आम्ही कमी पडलो नाही. धरणं, मासे खाणारे सील, बाहेरच्या देशांच्या बोटी. सीलांना ओस्करीने जितक्या शिव्या घातल्या तितक्या मी आयुष्यात कुणाला घातल्या नसतील, आणि मी शाळेची बस चालवलीय. चौऱ्याण्णव साली त्याने बोट विकली. त्यानंतर मरेपर्यंत रंगाच्या दुकानात डबे हलवत उभा राहिला. तोंडाने कधी कुरकुरला नाही. पण घरी आला की खुर्ची फिरवून नदीकडे पाठ करून बसायचा.

ओस्करी जाऊन नऊ वर्षं झाल्यावर, दोन हजार सोळाच्या वसंतात, डेलिया आली. त्याच सरकारी खात्यातली, माशांचा अभ्यास केलेली, याकिमाकडची, आईबाप सफरचंदांच्या बागेत राबलेले. वयाने माझ्या मुलीपेक्षाही लहान. हैक्काच्या ओढ्याचा वरचा भाग रेइनोच्या जमिनीतून जातो म्हणून ती परवानगी मागायला त्याच्या दारात उभी राहिली. मी तेव्हा तिथेच होते, त्याचे पडदे शिवायला घेतले होते.

"काका, ओढ्यात लाकूड टाकायचंय," ती म्हणाली.

"लाकूड? ओढ्यात?" रेइनोने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने त्याच्या स्वयंपाकघरात शेण टाकायची परवानगी मागितली होती. "पोरी, ते प्रशस्तिपत्र वाच. तो ओढा मी साफ केलाय."

तिने वाचलं. मग खुर्चीच्या कडेला बसून हळूच सांगायला लागली. पाणी ओंडक्यांना अडून मंद होतं. त्यामागे डोह होतात, खडी साठते. खडीत मादी अंडी घालते. पिल्लं एक पूर्ण वर्ष ओढ्यातच राहतात आणि पुराच्या दिवसांत ओंडक्यांच्या आड दबून बसतात. ओंडके गेले की पूर सरळ धावत येतो, खडीही नेतो आणि पिल्लंही.

"तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, काका. आमच्याच लोकांनी सांगितलं होतं तुम्हाला. चूक आमची."

"कॉफी संपली असेल तर दार तिकडे आहे," रेइनो म्हणाला.

मी त्याला झापलं. पोरगी एवढी लांबून आली, नीट बोलता येत नाही का? तो उठून शेडमध्ये गेला आणि भिंतीवरचे पाने काढून पुन्हा लावत बसला.

पुढच्या शनिवारी सौना होती. आमच्याकडे आधी बायका, मग पुरुष. घाम काढून झाला की सगळ्यांनी बाहेरच्या ओट्यावर टॉवेल गुंडाळून बसायचं, कॉफी प्यायची. त्या ओट्यावर भांडायचं नाही, खोटं बोलायचं नाही, हा आमच्या आईने घालून दिलेला नियम. त्या दिवशी आम्ही दोघंच होतो. रेइनो बाहेर आला, बसला आणि कप हातात न घेताच बोलायला लागला.

"मी रोज जाऊन बघतोय, एल्मे. खाली कातळ उघडा पडलाय. तीन मैल नुसता कातळ. बशीभर खडी नाही. ती पोर खरं बोलतेय."

मी त्याचा कप त्याच्यापुढे सरकवला.

"ओस्करीची बोट मी घालवली."

मी हातातला कप खाली आपटला. भांडायचं नाही तर नाही. उठले, ओल्या केसांनी गाडीत बसले आणि घरी आले. तीन आठवडे त्याचा फोन घेतला नाही. एवढी वर्षं माझा माणूस नदीकडे पाठ करून बसला, सीलांच्या नावाने बोटं मोडत राहिला, आणि ज्याने केलं तो आमच्याच टेबलावर बसून माझ्या हातचा पाव खात होता! असा राग आला होता की सांगता सोय नाही.

पण राग तरी किती दिवस पुरणार? एक दिवस कणीक मळत होते आणि एकदम ती किटली आठवली. कॉफी नेली कुणी? मीच. बियरचं खोकं आणलं कुणी? ओस्करीने. टाळ्या कुणी पिटल्या? बुलडोझर एकट्या रेइनोचा होता, टाळ्या साऱ्या गावाच्या होत्या. पाव भट्टीतून काढला, तसाच फडक्यात गुंडाळला आणि त्याच्या घरी गेले.

तो दारात आला आणि माझ्या तोंडाकडे न बघता खांद्याकडे बघत म्हणाला, "कोण? एल्मा का?"

"नाही, इंग्लंडची राणी! दिसत नाही का तुला?"

"नाही दिसत," तो म्हणाला. "डाव्याने मधलं काहीच दिसत नाही. उजव्यात आज तपासायला थेंब घातलेत, म्हणून सगळं धुरकट. डॉक्टर म्हणतो उजवाही जाईल. एखादं वर्ष, दोन वर्षं. औषध नाही."

मी आत जाऊन पाव टेबलावर ठेवला. तो पाव कापायला लागला, नेहमीसारखे सारखे तुकडे. मग म्हणाला, "त्या ओढ्यात मला एक तरी रुपेरी बघायचीय, एल्मे. एकच. डोळे आहेत तोवर. त्या पोरीला फोन लाव, मला तो नंबर वाचता येत नाही."

असं ते सुरू झालं. रेइनोने पोकलेन भाड्याने आणला. एका डोळ्याचा सत्तरीपुढचा म्हातारा आणि वीस टनांचं यंत्र! मी डेलियाला म्हटलं, तुमच्या ऑफिसात कुणी शुद्धीवर आहे का? ती म्हणाली, "मावशी, परवाना आहे त्यांच्याकडे. आणि मी सात जणांबरोबर काम केलंय, काकांचा हात सगळ्यांत हलका आहे." ते खरंच होतं. पोकलेनच्या बकेटने अंडं उचलायला सांगितलं असतं तरी त्याने न फोडता उचललं असतं.

एका लाकूड कंपनीने ओंडके दिले. कुठे टाकायचे त्या जागी डेलियाने झाडांना फिती बांधल्या. तेवढ्यात तिच्या बहिणीचं लग्न निघालं आणि ती चार दिवस याकिमाला गेली. परत आली तर रेइनोने सगळं संपवलेलं. मीही तिच्याबरोबर बघायला गेले. काय सांगू तुम्हाला! तीन ठिकाणी तीन बांध. ओंडके एका मापाने कापलेले, एकमेकांना खेटून, पाण्याला अगदी काटकोनात. वरून चालत जावं इतके सपाट. एका बांधाच्या दोन्ही टोकांना त्याने दगडही सारखेच लावले होते.

डेलिया कमरेवर हात ठेवून उभी. "काका, हे... हे फार सुंदर आहे."

"मग?"

"माशांना सुंदर चालत नाही."

"म्हणजे?"

"पसारा हवा, काका. ओंडके एकमेकांत अडकलेले हवेत. मुळं, फांद्या, सगळं वेडंवाकडं. हे पाणी असं उचलून नेईल."

"सत्तेचाळीस वर्षं यंत्र चालवतोय मी. माझं रचलेलं आजवर पडलेलं नाही," रेइनो म्हणाला, आणि पोकलेनची चावी खिशात टाकली. पुन्हा हात लावायला वेळही नव्हता. सप्टेंबरच्या मध्यानंतर पात्रात यंत्र उतरवायला परवानगी नसते.

डिसेंबरात पूर आला आणि एका दिवसात तिन्ही बांध गेले. चार ओंडके पुलाला जाऊन धडकले, उरलेले खालच्या गायरानात, एव्हर्ट लिंडच्या गाईंच्या मधे. तो एव्हर्ट म्हणजे जिभेला हाड नसलेला माणूस. दुकानात मिळेल त्याला अडवून सांगत सुटला, "रेइनोने ओढा दुसऱ्यांदा साफ केला हो! या वेळी फुकट!"

मी त्याला तिथल्या तिथे दोन शब्द सुनावले. पण रेइनोच्या कानावर गेलंच. तो हिवाळाभर घराबाहेर पडला नाही. एक उन्हाळा वाया गेला होता, आणि उजव्या डोळ्यासमोर आता अधूनमधून ठिपका यायला लागला होता.

मार्चमध्ये त्याला शिडी हवी होती म्हणून तो माझ्या गॅरेजमध्ये आला. माझं गॅरेज म्हणजे... जाऊ दे. गाडी तिथे शेवटची कधी शिरली ते मलाही आठवत नाही. त्याने शिडी धरून ओढली. शिडीबरोबर सायकल आली, सायकलीला गुंडाळलेला पाण्याचा पाइप आला, पाइपात अडकलेला तंबू, आणि तंबूच्या दोरीने ओस्करीचं जुनं जाळं. शिडी मात्र निघाली नाही. त्याने जोर लावला. सगळं आणखी आवळलं.

आता हा मला बोलणार, म्हणून मी कंबर कसून उभी राहिले. तर तो हात खाली सोडून बघतच राहिला.

"एल्मे, तू हे कसं करतेस?"

"मी काही करत नाही. होतं ते."

"नाही, नाही. बघ. ओढलं की सुटत नाही, घट्ट होतं." त्याने पुन्हा शिडी हलवून बघितली. "अरे देवा. ते तसेच होते. ते ओंडके. एकाला साखळी लावली की तीन हलायचे. मला वाटायचं, किती हा गबाळेपणा! एकेक सोडवताना मी घामाघूम व्हायचो."

तो तासभर माझ्या गॅरेजमध्ये उभा होता. कुठलं काय कशाखाली गेलंय, वाकून वाकून बघत होता. माझ्या पसाऱ्याचं एवढं कौतुक आयुष्यात कुणी केलं नव्हतं. मी लगेच फोन करून मुलीला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्याने डेलियाला बोलावून घेतलं. कुठला ओंडका कुठे होता, त्याचं डोकं कुणीकडे, मूळ कुणीकडे, कोण कुणाखाली दबलेला, सगळं त्याच्या डोक्यात होतं. त्यानेच तर एकेक उपटला होता. तो बोलत होता आणि ती कागदावर काढत होती. ती मला नंतर म्हणाली, "मावशी, असा नकाशा आमच्याकडे एकाही ओढ्याचा नाही." मग मान फिरवून तिने डोळे पुसले.

पण त्या जागी बसतील एवढी झाडं आणायची कुठून? कंपनीकडे सगळी कोवळी, सडपातळ. मुळांसकट हवीत आणि जाड हवीत. रेइनो उठला, खिडकीशी गेला. सौनामागे आमच्या वडिलांनी वाऱ्याला आडोसा म्हणून राखलेले स्प्रूस होते, अकरा. आम्ही त्यांच्या सावलीत वाढलो.

"ही चालतील?" त्याने विचारलं.

डेलियाने माझ्याकडे बघितलं. मी रेइनोकडे बघितलं. वडिलांची झाडं! पण मी म्हटलं, "चालतील का काय विचारतोस? घे."

ऑगस्टमध्ये त्याने एकेक झाड पोकलेनने ढकलून मुळांसकट आडवं केलं. वारा आता सौनावर सरळ येतो, शनिवारी ओट्यावर बसलं की पाठ गारठते. ती झाडं त्याने ओढ्यात नेली आणि अशी टाकली, अशी टाकली की बघणाऱ्याला वाटावं वादळच होऊन गेलं. मुळं वर, शेंडे खाली, एकाच्या काखेत दुसरं. प्रत्येक झाड सोडताना त्याचं तोंड कडू औषध घेतल्यासारखं व्हायचं. एकदा तो खाली उतरला आणि एक बाहेर आलेली फांदी सरळ करायला लागला. मी काठावरून ओरडले, "रेइनो! हात लावू नकोस!" त्याने चोरी पकडल्यासारखा हात मागे घेतला.

जानेवारीत गेल्या वर्षीपेक्षा मोठा पूर आला. आम्ही तिघं पावसात काठावर उभे. पाणी चहासारखं लाल, वर येतंय, वर येतंय. झाडं करकरली, थोडी वळली, आणि एकमेकांत आणखी आवळून बसली. एकही गेलं नाही. मी एव्हर्ट लिंडच्या घरी जाऊन ही बातमी स्वतः सांगितली.

पाणी उतरल्यावर झाडांमागे खडी दिसली. आधी ढोपराएवढ्या पट्ट्यात, मग खाटेएवढ्या, मग अंगणाएवढ्या. उन्हाळ्यात डोहांत ट्राउट मासे आले, बोटभर लांबीचे. रेइनोला ते सावलीसारखे दिसले. पण रुपेऱ्या अजून आल्या नव्हत्या आणि आता उजवा डोळाही चालला होता. सप्टेंबरात त्याने गाडीची चावी माझ्या हातात दिली. ऑक्टोबरात त्याने सरपण रचलं, चाचपून चाचपून. वाकडं झालं होतं.

नोव्हेंबरात दर मंगळवारी डेलिया मासे मोजायला ओढ्यातून चालत जायची. रेइनो बरोबर जाणारच. म्हणजे मीही आलेच. गमबूट घालून, पाण्यातून, तो काठी टेकत, माझं कोपर धरून. आयुष्यात त्याने कुणाचं कोपर धरलं नव्हतं. मी बघेन ते सांगत जायचे. इथे पान आहे. इथे खडी आहे. इथे काही नाही. पहिला मंगळवार, काही नाही. दुसरा मंगळवार, काही नाही. तिसऱ्या खेपेला मला त्याच्या चेहऱ्याकडे बघवेना. म्हटलं सांगून टाकावं, ती बघ गेली, लालभडक! कोण पकडणार मला? तोंड उघडलंही होतं.

"एल्मे," तो म्हणाला, "खोटं सांगू नकोस. तुझं कोपर आधीच ताठ झालंय."

चौथ्या मंगळवारी पाऊस भुरभुरत होता. सगळ्यात मोठ्या पसाऱ्यापाशी आलो आणि रेइनो एकदम थांबला.

"वास येतोय."

"कसला?"

"अगं, नाक आहे की नाही तुला? मेलेल्या माशाचा!"

तो माझं कोपर सोडून पाण्यात गुडघ्यांवर बसला आणि मुळांच्या मागच्या संथ पाण्यात हात घालून चाचपायला लागला. डेलिया पुढे होणार, मी तिला धरून ठेवलं. त्याचे हात थांबले. वर आले तेव्हा त्यांत एक मासा होता. मेलेला, लाल रंग उडालेला, हाताएवढा लांब.

रेइनोने मान वर करून डोळे मिटले आणि बोटांनी बघायला सुरुवात केली. जबड्यावरून अंगठा फिरवला. "नरासारखा बाकदार नाही. मादी आहे." मग पोटावरून. पोट रिकाम्या पिशवीसारखं आत गेलं होतं. मग शेपटीपाशी आला आणि तिथेच थांबला. शेपटीची खालची कड झिजून पांढरी पडली होती, काटे उघडे. मादी शेपटीनेच खडी उडवून खड्डा करते, अंडी घातल्यावर शेपटीनेच खडी वर लोटते.

"खणलंय हिने," तो म्हणाला. "डेलिया, खणलंय गं. घालून झाल्यावर मेलीय."

"हो काका," डेलिया म्हणाली. ती सरळ सरळ रडत होती. मीही रडत होते, लपवायचं काय त्यात? मला ओस्करी हवा होता तिथे. त्याला खुर्चीसकट उचलून आणलं असतं मी.

रेइनोने मासा होता तिथे, मुळांच्या आड परत ठेवला. पिल्लं निघाली की त्यांना तेच खायला असतं. मग तो काठी टेकत उठला, एक पाय उचलला आणि तसाच राहिला.

"एल्मे. तिने घातली कुठे?"

मी बघितलं. पसाऱ्याच्या मागे खडीचा एक पट्टा बाकीच्यापेक्षा उजळ होता, धुतल्यासारखा, मधे उंचवटा. त्याच्यापासून दोन हातांवर. आणि पलीकडे तसाच आणखी एक.

"तुझ्या समोरच आहे. उजवीकडेही आहे."

"किती समोर?"

"अरे, आहे दोन हात. ये तू, मी धरते."

"नको! थांब! तूही हलू नकोस!" तो ओरडला. "तुझे ते होडीसारखे बूट! अंडी चिरडतील! डेलिया, तूही तिथेच थांब." चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस एका पायावर उभा, काठी लटपटतेय, पाऊस तोंडावर येतोय, पण पाय खाली टेकवत नव्हता. "मला दिसत नाही, एल्मे. पाय कुठे ठेवू ते सांग."

मी जागच्या जागी पाण्यात बसले. कमरेपर्यंत बर्फासारखं पाणी. हात लांब करून त्याचा बूट दोन्ही हातांनी धरला आणि एका सपाट दगडावर नेऊन टेकवला. "इथे. आता दुसरा." तो धरला. "इथे." पुढचा दगड चाचपला, हलतो का ते बघितलं, मग पाय ठेवला. काठ आठ-दहा पावलांवर होता. आम्हाला तिथे पोचायला वीस मिनिटं लागली, आणि तेवढ्या वेळात त्याने मला निदान दहा वेळा विचारलं, "नक्की ना गं? खाली नक्की दगडच आहे ना?"